लिलावातली वायकिंग तलवार: बोली लावण्याआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही मँचेस्टरला राहता. एका लिलावात '10व्या शतकातली वायकिंग तलवार, एच प्रकार, पात्यावर उल्फबेर्टची अक्षरं, जुन्या युरोपीय खासगी संग्रहातून' असं वर्णन असलेली तलवार आली आहे. एकूण लांबी 91 सेंमी, वजन 1,450 ग्रॅम. ती खरी आहे का, आणि घेतल्यावर गंज काढून, चमकवून पुण्याच्या घरी भिंतीवर लावता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

चार फोटो आणि दोन आकडे पाहून कुणी 'खरी' किंवा 'खोटी' असा निकाल देत असेल तर तो मनावर घेऊ नका. हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. पातं त्या काळातलं आहे का? मूठ त्याच तलवारीची आहे का? आणि जमिनीतून वा नदीतून निघाल्यापासून आजवर ती कुणाकुणाच्या हातून आली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं डोळे, भिंग आणि प्रयोगशाळा मिळून बऱ्यापैकी देतात. तिसऱ्याचं उत्तर फक्त कागद देतात, आणि माझ्या मते व्यवहार तिथेच ठरतो. बाजारात येणाऱ्या वाईट वस्तूंमध्ये संपूर्ण बनावट तलवारींइतक्याच जोडलेल्या तलवारी असतात. पातं जुनं, मूठ नवी. किंवा दोन्ही जुनं, पण दोन वेगळ्या तलवारींचं.

आता 'एच प्रकार' म्हणजे काय ते. नॉर्वेचे पुरातत्त्वज्ञ यान पेटेरसेन यांनी 1919 मध्ये तिथल्या वायकिंग तलवारींचं वर्गीकरण केलं आणि प्रकारांना रोमन अक्षरं दिली. हे वर्गीकरण मुठीच्या आकारावर आहे, पात्यावर नाही. 1927 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तेच सात गटांत आटोपशीर बसवलं. (हो, तेच व्हीलर, जे पुढे 1944 ते 1948 भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते.) पात्यांचं स्वतंत्र वर्गीकरण आल्फ्रेड गाइबिग यांनी 1991 मध्ये केलं. त्यामुळे कॅटलॉगमधलं '10वं शतक' बहुधा मुठीवरून काढलेलं असतं. एच प्रकार साधारण 9व्या शतकाच्या सुरुवातीपासून 10व्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला आणि नॉर्वेत तो सर्वाधिक सापडणाऱ्या प्रकारांपैकी आहे. म्हणजे कॅटलॉगमधली तारीख अशक्य नाही, पण तिने पात्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पातं आणि मूठ वेगळ्या ठिकाणची असणं हा त्या काळात दोष नव्हता, उलट रीतच होती. उत्तम पाती फ्रँकांच्या राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात), बहुधा ऱ्हाइनच्या खोऱ्यात बनत. ती उत्तरेकडे जात आणि तिथे स्थानिक पद्धतीची मूठ चढे. आपल्याकडची फिरंग अशीच: पातं युरोपातलं, मूठ दख्खनी. त्या फिरंगांवर जशी 'अँड्रिया फेरारा' या इटालियन तलवारकाराची खरी-खोटी नावं दिसतात, तसाच प्रकार इथे पात्यांवर घातलेल्या 'उल्फबेर्ट' या नावाच्या बाबतीत आहे. शस्त्रांचा हा ओघ फ्रँक राजांना नको होता. 864 मध्ये फ्रँक राजा टकल्या चार्ल्सने फ्रान्समधल्या पीत्र इथे काढलेल्या फर्मानात परक्यांना चिलखतं आणि शस्त्रं विकणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. तरीही व्यापार थांबला नाही. 922 मध्ये व्होल्गाकाठी रूस लोकांना (पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या वायकिंगांना) भेटलेला अरब दूत इब्न फदलान त्यांच्या तलवारी रुंद, पन्हळीच्या (पात्याच्या मधोमध लांब खोलगट भाग असलेल्या) आणि फ्रँक धाटणीच्या असल्याचं लिहितो. तलवार पिढ्यान् पिढ्या वापरातही राहायची. इंग्लंडचा राजपुत्र अ‍ॅथेल्स्टन याने 1014 च्या मृत्युपत्रात भावाला दिलेली एक तलवार राजा ऑफाची होती, आणि ऑफा वारला 796 मध्ये. दोनशेहून जास्त वर्षांत एखाद्या पात्यावर किती मुठी चढल्या-उतरल्या असतील याचा अंदाज करा. म्हणून 'मूठ वेगळी' एवढ्यावरून तलवार बाद होत नाही. ती जोडणी हजार वर्षांपूर्वीची की गेल्या तीस वर्षांतली, एवढंच शोधायचं असतं.

आता तुमच्या आकड्यांकडे. 91 सेंमी लांबी अगदी नेहमीची आहे. पातं साधारण 70 ते 80 सेंमी, मुठीजवळ 5 ते 6 सेंमी रुंद आणि हाताची पकड जेमतेम 9-10 सेंमी. वजनाने मात्र मी थबकतो. या तलवारी मुळात बहुतेक 1 ते 1.3 किलोच्या असत, काही थोड्या त्याहून जड. जमिनीतून निघालेल्या तलवारीत धातू झिजलेला असतो, पकडीचं लाकूड किंवा शिंग गेलेलं असतं, त्यामुळे ती मूळ वजनापेक्षा हलकीच भरायला हवी. 1,450 ग्रॅमची दोन निरुपद्रवी कारणं असू शकतात: मूठ खरोखरच भरीव आणि वजनदार आहे, किंवा पूर्वी कुणी डागडुजी करताना राळ भरली आहे. तिसरं कारण म्हणजे आजकालच्या सरळ पोलादी पट्टीपासून घडवलेलं पातं. तिन्हींत फरक करायला सोपी मोजणी आहे. लिलावगृहाला कॅलिपरने दर 10 सेंमीवर पात्याची जाडी मोजून मागा. खरं पातं मुठीजवळ 5 मिमीच्या आसपास असतं आणि टोकाकडे पातळ होत निम्म्यावर येतं. मधली पन्हळही टोकाकडे अरुंद होत विरते. बनावट पात्यात जाडी मुठीपासून टोकापर्यंत जवळपास तीच राहते, कारण पट्टी बाजारातून आणलेली असते आणि ती घडवून पातळ करण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

गंज हा सगळ्यांत बोलका पुरावा. त्या काळी लोखंड पूर्ण वितळवत नसत. कोळशाच्या छोट्या भट्टीत स्पंजासारखा गोळा निघे आणि तो ठोकून त्यातली मळी बाहेर काढत. थोडी मळी आतच राही आणि घडवताना तिचे लांब धागे होत. असं लोखंड गंजतं तेव्हा गंज त्या धाग्यांच्या वाटेने आत जातो, म्हणून पात्यावर लांबट, तंतुमय खाचा दिसतात, थर सुटतात. आम्लात बुडवून 'जुनं' केलेल्या पोलादावर खड्डे गोल, साधारण एकाच खोलीचे आणि सर्वत्र सारखे पसरलेले असतात. वर नारिंगी भुकटी असते आणि ती बोटाला लागते. जुन्या गंजात वाळूचे कण अडकलेले असतात, कधी म्यानाच्या लाकडाचे वा कापडाचे दगड झालेले ठसे असतात. हे ठसे खोटे करणं फार अवघड. कुणी ते 'स्वच्छ' करून टाकले असतील तर तलवारीचं अर्धं चरित्र पुसलं गेलं असं समजा.

गंजाचा रंग आणि पोत सापडण्याच्या जागेशी जुळला पाहिजे. नदीच्या गाळात हवा पोचत नाही, तिथली पाती काळसर-तपकिरी आणि बरीच शाबूत निघतात. दफनातली तलवार थराथराने फुगलेली असते. चितेवरच्या तलवारीवर आगीत काळी खपली धरते, आणि हीच खपली पुढे हजार वर्षं लोखंडाचं रक्षण करते. नॉर्वेतल्या कित्येक उत्तम तलवारी अशा दहनातल्या आहेत. त्यांतल्या काही मुद्दाम वाकवलेल्या किंवा दुमडलेल्या असतात, कारण मृताबरोबर शस्त्रही 'मारून' ठेवायची प्रथा होती. विक्रेता 'थेम्स नदीत सापडली' म्हणत असेल आणि पात्यावर चितेची खपली असेल, तर त्यातलं एक खोटं आहे. नॉर्वेत तलवारींची संख्या काही हजारांत आहे आणि डेन्मार्क किंवा फ्रँकांच्या प्रदेशात त्यामानाने खूप कमी, याचं कारण लढाया नसून दफनाची रीत आहे. ख्रिस्ती दफनात शस्त्रं ठेवत नसत.

मुठीकडे वळू. एच प्रकारात खालची आडपट्टी, पकड, वरची आडपट्टी आणि तिच्यावर त्रिकोणी मोगरा (मुठीच्या टोकाचा जड तुकडा) असे भाग असतात. पात्याचा मुठीत शिरणारा दांडा साधारणपणे वरच्या आडपट्टीवर ठोकून पसरवलेला असतो, आणि मोगरा हा सुटा तुकडा त्यावर रिव्हेटने बसवलेला असतो. त्यामुळे दांड्याचं टोक मोगऱ्याच्या माथ्यावर दिसत असेल तर 'हे असं कसं?' म्हणून विचारा. एकसंध मोगऱ्याच्या नंतरच्या प्रकारांत, उदाहरणार्थ एक्स प्रकारात, ते तिथे असणं बरोबर आहे. एच मुठीवर लोखंडात अतिशय बारीक, एकमेकींना खेटून उभ्या रेघा कोरत आणि त्यांत चांदीची आणि तांब्याची वा पितळेची तार ठोकून बसवत, इतकी दाट की लोखंड दिसतच नसे. इथे एक साधी तर्काची कसोटी आहे: खड्डा आधी की तार आधी? तार कोरीव कामाच्या वेळी बसली, गंजाचा खड्डा नंतर पडला. म्हणून खऱ्या मुठीवर खड्डा जिथे आहे तिथे तार तुटलेली, उचललेली किंवा गायब असते. चांदी खड्ड्यात उतरून पलीकडे चढलेली दिसली, तर ती खड्डा पडल्यानंतर बसवली आहे. अशा वेळी पुढचं काही तपासायची गरज नाही.

मग उल्फबेर्ट. या नावाची सुमारे 170 पाती माहीत आहेत, त्यांत नॉर्वे आणि फिनलंडची संख्या मोठी. ती 9व्या ते 11व्या शतकांतली आहेत, म्हणजे हा एक लोहार असूच शकत नाही. कार्यशाळेचं, घराण्याचं किंवा नुसतं चालू नाव असावं. नेहमीच्या मांडणीत नावाआधी एक क्रूस आणि शेवटच्या 'टी' अक्षराच्या आधी दुसरा क्रूस असतो, पण त्या काळातही चुकीची स्पेलिंगं आणि नकला होत्या. बनावट ओळखायला स्पेलिंगपेक्षा अक्षरं कशी घातली आहेत ते पाहा. लोखंडाच्या, कधी पिळलेल्या, काड्यांचे तुकडे तापलेल्या पात्याच्या पन्हळीत ठोकून एकजीव केलेले असतात, आणि दुसऱ्या बाजूला बहुधा जाळी किंवा उभ्या रेघांची नक्षी असते. गंजलेल्या पात्यावर ही अक्षरं अनेकदा डोळ्यांना दिसतच नाहीत, क्ष-किरण चित्रातच सापडतात. लिलावाच्या फोटोत ती ठळक वाचता येत असतील, त्यातही पिवळ्या तारेत किंवा नुसती कोरलेली असतील, तर मी हात आखडता घेईन. दुसरी बाजू कोरी असेल तर आणखी.

'उल्फबेर्टचं पोलाद भारतातून गेलं' असं वाचून तुम्हाला विशेष ओढ वाटली असेल तर एवढं लक्षात घ्या. धातुतज्ज्ञ अ‍ॅलन विल्यम्स यांना तपासलेल्या काही पात्यांत 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कार्बन असलेलं पोलाद मिळालं, आणि ते मुशीतलं पोलाद व्होल्गामार्गे मध्य आशिया-इराणकडून आलं असावं असा तर्क त्यांनी मांडला. तो सर्वांना मान्य नाही, आणि त्याच नावाची पुष्कळ पाती साध्या पोलादाची आहेत. वस्तू दूरवर जात होत्या हे खरं; वायव्य भारताच्या बाजूची एक छोटी बुद्धमूर्ती स्वीडनच्या हेल्गो बेटावर सापडली आहे. पण तेवढ्यावरून तुमच्या तलवारीत आपलं उक्कू (दक्षिण भारतातलं मुशीतलं पोलाद) आहे म्हणणं ही विक्रेत्याची भाषा झाली.

प्रयोगशाळेकडून काय मागायचं? पहिली मागणी क्ष-किरण चित्राची. त्यात मळीचे धागे, पाठ आणि धार जोडल्याच्या रेषा, पिळलेल्या काड्या एकत्र घडवून केलेल्या पात्यात तिरके पट्टे, आणि महत्त्वाचं म्हणजे मुठीच्या आत काय आहे ते दिसतं: दांडा अखंड आहे की मध्येच झाळलेला, आत खिळे, राळ किंवा नवं वेल्डिंग आहे का. जुनी डागडुजी असणं वाईट नाही, ती न सांगणं वाईट. दुसरी, एक्स-रे फ्लुओरेसन्सने मुठीवरच्या धातूंचं विश्लेषण. त्या काळच्या पद्धतीने केलेल्या पितळेत जस्त साधारण 30 टक्क्यांच्या आतच राहतं, त्यामुळे 35-40 टक्के निघालं तर ते नव्या काळातलं. पात्यात मॅंगनीज ठळक असेल तर तेही 1856 मध्ये बेसेमरची पद्धत आली त्यानंतरच्या पोलादाचं लक्षण. तिसरी चाचणी, लोखंडातल्या कार्बनची कालगणना, करता येते, पण त्यासाठी पात्याचा तुकडा काढावा लागतो आणि इतर पुरावा मुळातच बरा असेल तेव्हाच तिला अर्थ आहे. हुशार नकलाकार जुन्या इमारतींतलं भट्टीचं लोखंड किंवा मोडकी खरी पाती वापरतात, हे विसरू नका. त्यामुळे 'लोखंड जुनं आहे' म्हणजे 'तलवार जुनी आहे' असं होत नाही.

इथवरचा हिशेब असा: लांबी ठीक, मुठीचा प्रकार आणि तारीख जुळते, वजन संशयास्पद पण निर्णायक नाही, अक्षरं कशी घातली आहेत त्यावर बरंच अवलंबून.

आता कागद. 'जुना युरोपीय खासगी संग्रह' या शब्दांना काडीचा अर्थ नाही. संग्राहकाचं नाव, वस्तू कधी आणि कुठून घेतली, जुन्या लिलावाचा क्रमांक, जुना फोटो, यांपैकी काही हवंच, आणि शक्यतो सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या 1970 च्या युनेस्को कराराच्या आधीचं. वस्तू चोरीच्या यादीत नसल्याचं आर्ट लॉस रजिस्टरचं प्रमाणपत्र दाखवलं तर त्याचा उपयोग मर्यादित आहे: संग्रहालयातून चोरलेली वस्तू त्या यादीत असू शकते, पण रात्री मेटल डिटेक्टरने शेतातून उपसलेली तलवार कुणालाच माहीत नसते, मग ती यादीत येणार कशी? युक्रेन, रशिया आणि बाल्टिक देशांतून असा माल बराच येतो. नॉर्वेत 1537 पूर्वीची बेवारस सापडलेली वस्तू कायद्याने सरकारची असते. डेन्मार्कमध्येही अशा महत्त्वाच्या वस्तू राज्याकडे द्याव्या लागतात. इंग्लंड किंवा वेल्समध्ये सापडलेली असेल तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची (लोकांना सापडलेल्या पुरावस्तू नोंदवणाऱ्या योजनेची) नोंद मागा. तिथे 2023 पासून 200 वर्षांहून जुनी, विशेष महत्त्वाची धातूची वस्तू सोन्या-चांदीची नसली तरी 'ट्रेझर', म्हणजे सापडल्यावर कायद्याने कळवावी लागणारी वस्तू, ठरू शकते. आणि ब्रिटिश जमिनीत सापडलेली, 50 वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर नेताना किंमत कितीही कमी असली तरी निर्यात परवाना लागतो.

पुण्याला न्यायची तर दोन बाजू आहेत. भारतात 1972 च्या कायद्याने 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती पुन्हा बाहेर न्यायला निर्बंध आहेत. शिवाय शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे. परवाना लागतो की नाही हे भागावर आणि अधिसूचनेवर ठरतं. सीमाशुल्क आणि पोलिस, दोघांकडून आधी लेखी उत्तर घ्या.

भिंतीवर लावायचा विचार मात्र सोडा, आणि गंज काढण्याचा तर नक्कीच. जमिनीतल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात. हवेत ओलावा असला की ते धातूला आतून खातात: आधी पृष्ठभागावर घामासारखे थेंब, मग थरच्या थर निखळणं. हे थांबायला सापेक्ष आर्द्रता 12 ते 15 टक्क्यांवर आणावी लागते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती 80 च्या वर असते. तारेचा ब्रश, फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक, विद्युत-विघटन, तेल, वॉर्निश, यांतलं काहीही नको. ब्रशने अक्षरं आणि चांदी जाते, तेलाखाली क्षार तसेच राहतात. क्षार काढायचं काम अल्कलीच्या गरम द्रावणात, अनेक आठवडे, प्रशिक्षित जतनतज्ज्ञानेच करायचं. घरी करता येतं ते एवढंच: घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, त्यात तलवारीच्या वजनाइतकं तरी सिलिका जेल, आत आर्द्रता दाखवणारी पट्टी, आणि पट्टीने इशारा दिला की जेल काढून सुमारे 110-120 अंशांना काही तास सुकवायचं. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट असतं. लाकडी पेटी, विशेषतः ओकची, नको. तिच्यातून निघणाऱ्या आम्ल वाफा लोखंडाला बाधतात. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि पातं दोन जागी आधार देऊनच उचला, मुठीला धरून कधीच नाही.

आज लिलावगृहाला पाठवायच्या ईमेलमध्ये चारच गोष्टी मागा: दर 10 सेंमीवरची जाडी, पन्हळीच्या दोन्ही बाजूंचे आणि मोगऱ्याच्या माथ्याचे जवळून काढलेले फोटो, पूर्वीच्या डागडुजीची लेखी नोंद आणि क्ष-किरण चित्र, आणि 1970 पूर्वीचा एखादा तरी कागद. चौथी गोष्ट मिळाली नाही तर पहिल्या तीन कितीही चांगल्या आल्या तरी मी बोली लावणार नाही. पुण्याच्या भिंतीसाठी चांगल्या कारागिराकडून 1.1 किलोच्या आसपासची, टोकाकडे पातळ होत जाणारी प्रतिकृती करून घ्या. ती हातातही घेता येईल, आणि पावसाळ्यात तिला अधूनमधून पातळ तेलाचा हात दिला की भागतं.